बोटीवरचा विद्यार्थी पुस्तकात का दिसत नाही?

चार्ल्स डार्विनचे 'जर्नल ऑफ रिसर्चेस' हे पुस्तक १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. 'बीगल' या जहाजावरून केलेल्या जवळजवळ पाच वर्षांच्या प्रवासाचा हा वृत्तांत आहे. पुढे 'व्हॉयेज ऑफ द बीगल' या नावाने तो जगभर वाचला गेला. विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक एकदा तरी वाचावे असे आम्हांला मनापासून वाटते. तरीही या पुस्तकाविषयी आमची एक तक्रार आहे आणि ती शिक्षकांपुढे मांडावी, यासाठी हा लेख.

१८४५ साली निघालेली सुधारित आवृत्ती उघडून पाहा. पहिल्याच परिच्छेदात जहाज २७ डिसेंबर १८३१ रोजी इंग्लंडचा किनारा सोडते. लगेच ६ जानेवारी उजाडतो आणि जहाज तेनेरीफ बेटापाशी पोहोचते. पुढच्या काही ओळींत १६ जानेवारी येतो आणि लेखक केप व्हर्ड बेटांतील सँटियागो बेटावर उतरून तिथल्या खडकांचे वर्णन करू लागतो. म्हणजे वीस दिवसांचा समुद्रप्रवास एका परिच्छेदात आटोपला. या वीस दिवसांत बावीस वर्षांचा एक तरुण काय भोगत होता, काय शिकत होता, याचा पत्ता वाचकाला लागत नाही. पुस्तकात आपल्याला भेटतो तो तयार निसर्गशास्त्रज्ञ. बोटीवर शिकणारा विद्यार्थी मात्र बंदरातच राहून गेलेला असतो.

हा विद्यार्थी शोधायचा तर त्याची दैनंदिनी आणि घरी लिहिलेली पत्रे वाचावी लागतात. दैनंदिनी त्याची नात नोरा बार्लो यांनी १९३३ साली, म्हणजे प्रवास संपल्यावर जवळजवळ शंभर वर्षांनी, संपादित करून छापली. पत्रेही आता उपलब्ध आहेत. पुस्तक एका हाती आणि दैनंदिनी दुसऱ्या हाती घेऊन वाचले की काय गाळले गेले ते स्पष्ट दिसते. आमच्या मते जे गाळले गेले तेच शिक्षकाच्या अधिक उपयोगाचे आहे.

कोण होता हा विद्यार्थी?

डार्विन बोटीवर चढला तेव्हा त्याच्या नावावर फारसे काही नव्हते. एडिंबरोला वैद्यकीचे शिक्षण त्याने १८२७ साली अर्धवट सोडले होते. नंतर केंब्रिजला जाऊन १८३१च्या जानेवारीत तो पदवी परीक्षा उत्तीर्ण झाला. साधी पदवी घेणाऱ्यांच्या यादीत त्याचा क्रमांक दहावा होता. पुढे धर्मोपदेशक व्हायचे, असे ठरत आले होते. किडे गोळा करण्याचा नाद मात्र जबरदस्त होता आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हेन्स्लो यांचा तो लाडका विद्यार्थी होता. बोटीवर निसर्गाची आवड असणारा एक तरुण हवा आहे, हे हेन्स्लो यांनीच २४ ऑगस्ट १८३१च्या पत्रात त्याला कळवले. डार्विन हा परिपूर्ण निसर्गशास्त्रज्ञ आहे असा हेन्स्लो यांचा दावा नव्हता. तो गोळा करील, निरीक्षण करील आणि नोंद घेण्याजोगे काही दिसले तर टिपून ठेवील, एवढा त्यांना विश्वास होता. वडिलांनी आधी नकार दिला. मामा जोसाया वेजवुड यांनी मध्यस्थी केली, तेव्हा परवानगी मिळाली.

म्हणजे बोटीवर चढला तो शिकायला बाहेर पडलेला मुलगा होता. तिथे वर्ग नव्हता, फळा नव्हता, परीक्षा नव्हती आणि शिक्षक हजारो मैलांवर होते. या परिस्थितीशी त्याने कसे जुळवून घेतले, हा शिक्षणाच्या दृष्टीने पहिला प्रश्न आहे. पुस्तक त्याबद्दल जवळजवळ मूक आहे.

नव्वद फुटांचे वसतिगृह

'बीगल' हे तीन डोलकाठ्यांचे जहाज. लांबी अवघी नव्वद फूट आणि निघताना त्यावर माणसे सत्तरच्या वर. डार्विनला मिळालेली जागा जहाजाच्या मागच्या भागातील एका केबिनमध्ये होती. ही खोली साधारण दहा फूट बाय अकरा फूट. मध्यभागी नकाशे काढण्याचे भलेमोठे टेबल. कडेला पुस्तकांची कपाटे. जहाजावरच्या ग्रंथसंग्रहात सुमारे चारशे खंड होते, असे अभ्यासकांनी जुळवून काढले आहे. टेबलावर जॉन लॉर्ट स्टोक्स हा सर्वेक्षण अधिकारी दिवसभर नकाशे काढत असे. फिलिप किंग नावाचा चौदा वर्षांचा मुलगाही याच खोलीत वावरत असे. रात्री टेबलाच्या वर दोऱ्यांनी टांगलेल्या झोळीत डार्विन झोपे. तो सहा फूट उंच होता. पाय मावेनात म्हणून भिंतीतला एक खण काढून तिथे पाय ठेवण्याची सोय करावी लागली.

वसतिगृहाच्या एका खोलीत चौघे राहिलेल्या विद्यार्थ्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. पण डार्विनने या अडचणीचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. १८३२च्या फेब्रुवारीत वडिलांना लिहायला घेतलेल्या पत्रात तो सांगतो की, कामाला जहाज फार सोयीचे आहे याचेच त्याला नवल वाटले. सगळे हाताशी असते आणि जागा अपुरी असल्यामुळे माणूस इतका व्यवस्थित होतो की शेवटी आपला फायदाच झाला. पुढे त्याचा मुलगा फ्रान्सिस याने लिहून ठेवले आहे की, कामातील शिस्त आणि मिनिटामिनिटाची काळजी घेण्याची सवय आपल्याला 'बीगल'च्या चिंचोळ्या जागेने लावली, असे वडील म्हणत. जेवणाच्या वेळा ठरलेल्या होत्या. कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय याच्याबरोबर तो जेवायला बसे, आणि ज्याचे जेवण आटोपेल त्याने दुसऱ्यासाठी न थांबता उठून कामाला लागायचे, असा दोघांचा नियम होता.

कामाची शिस्त ही उपदेशाने येत नाही, रचनेने येते, हे आपण शिक्षक वारंवार म्हणतो. त्याचे इतके बोलके उदाहरण आम्हांला दुसरे माहीत नाही. पण मूळ पुस्तकात हे टेबल नाही, ही झोळी नाही, आणि हा नियमही नाही.

बोट लागणे

मराठीत 'बोट लागणे' असा नेमका शब्दप्रयोग आहे. मुंबई-कोकण बोटी चालत असत त्या काळातील पिढीला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. डार्विनला बोट लागली ती पहिल्याच दिवसांत, आणि शेवटपर्यंत ती सुटली नाही.

त्यामागचे कारण आज आपल्याला बरेच कळले आहे. शरीराची हालचाल मेंदूला कळते ती मुख्यतः तीन मार्गांनी : डोळे, अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे अवयव, आणि स्नायू व सांधे यांतून येणारे संदेश. बंद खोलीत बसलेल्या माणसाचे डोळे सांगतात की टेबल, भिंत, पुस्तक सगळे स्थिर आहे. अंतर्कर्णातील द्रव मात्र सांगतो की आपण वर-खाली होत आहोत. हे दोन संदेश जुळत नाहीत, आणि मळमळ सुरू होते. प्रयोगांत असे दिसले आहे की, साधारण पाच सेकंदांना एक अशा संथ गतीने होणारी वर-खाली हालचाल सर्वांत त्रासदायक ठरते. समुद्रावर डोलणाऱ्या जहाजाची गती बहुधा याच्या आसपास असते. डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहिले की बरे वाटते, कारण मग डोळेही हालचालीची साक्ष देऊ लागतात. आडवे पडल्यानेही आराम मिळतो. बहुतेक लोकांचा मेंदू दोन-तीन दिवसांत नव्या संदेशांना सरावतो. काही थोड्या लोकांचा मात्र सरावत नाही. डार्विन या थोड्यांपैकी होता.

दैनंदिनीत २८ डिसेंबरची नोंद आहे. नाताळच्या दिवशी दारू पिऊन गोंधळ घातल्याबद्दल काही खलाशांना कप्तानाने त्या दिवशी फटक्यांची शिक्षा दिली. हा विद्यार्थी दिवसभर आजारी होता आणि त्या शिक्षेच्या विचाराने त्याचे मन अस्वस्थ झाले होते. वडील डॉक्टर होते. त्यांनी सुचवलेले मनुके एवढेच त्याच्या पोटात टिकत होते. झोळीत पडून तो हुंबोल्टने केलेली उष्ण कटिबंधाची वर्णने वाची आणि तेनेरीफ बेटाची वाट पाही. बेट समोर आले, आणि इंग्लंडमधील कॉलऱ्याच्या भीतीने तिथल्या अधिकाऱ्यांनी बारा दिवस कोणालाही उतरू न देण्याचे फर्मान काढले. थांबण्याऐवजी कप्तानाने शिडे उभारली. ज्या बेटासाठी इतके सोसले ते दुरूनच पाहावे लागले.

पुढची साडेचार वर्षे त्याने काय केले? जहाज हलू लागले की काम करता करता तो थांबे, थोडा वेळ टेबलावरच आडवा होई, बरे वाटले की पुन्हा काम करी. स्टोक्सने ही आठवण सांगितली आहे. शिवाय जमिनीवर राहण्याची एकही संधी त्याने सोडली नाही. एकूण प्रवासापैकी सव्वातीन वर्षे तो जमिनीवर होता आणि दीड वर्ष पाण्यावर. यातून एक गोष्ट आमच्या लक्षात येते. जुळवून घेणे म्हणजे त्रास नाहीसा होणे, असे आपण समजतो. डार्विनचा त्रास नाहीसा झाला नाही. त्रास धरून काम कसे बेतायचे, हे त्याला जमले. वडिलांना लिहिलेल्या त्याच पत्रात तो म्हणतो की, समुद्रावर परतणे आता त्याला शांत घरी परतल्यासारखे वाटू लागले आहे. आणि प्रवास संपायला दोन महिने असताना, ४ ऑगस्ट १८३६ रोजी ब्राझीलमधील बाहियाहून तो बहिणीला लिहितो की समुद्राचा आणि त्यावर चालणाऱ्या सर्व जहाजांचा आपल्याला तिटकारा आला आहे. ही दोन्ही पत्रे एकाच विद्यार्थ्याची आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

न्यायाने सांगायला हवे की पुस्तक याबाबत अगदीच गप्प नाही. शेवटच्या प्रकरणात प्रवासाचा जमाखर्च मांडताना लेखक बजावतो की ज्याला बोट लागते त्याने निघण्यापूर्वी नीट विचार करावा. हा आठवडाभरात बरा होणारा किरकोळ त्रास नव्हे, हे आपण अनुभवाने सांगतो. पण ही कबुली सर्वांत शेवटी येते. तोपर्यंत वाचकाच्या मनात न थकणाऱ्या शास्त्रज्ञाची मूर्ती पक्की बसलेली असते.

गुरुजी, २३३ क्रमांक कशाचा?

या प्रवासात डार्विन शास्त्रज्ञ झाला तो कसा, याची पायरी न् पायरी टिपणांतून दिसते. इंग्लंड सोडून दोन आठवडे झाले नव्हते तेव्हा त्याने कापडाची एक पिशवी शिवून घेतली, तिचे तोंड अर्धगोलाकार कमानीला बांधले आणि ती जहाजामागून पाण्यात ओढत ठेवली. त्यात प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा, ढीग सापडला. मळमळणारा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांची वर्णने करीत बसला. आज समुद्रविज्ञानात प्लवकांसाठी जी जाळी वापरतात त्यांचे तत्त्व हेच आहे.

सँटियागो बेटावर उतरल्यावर समुद्राकाठच्या कड्यात, पाण्यापासून सुमारे पंचेचाळीस फूट उंचीवर, त्याला शिंपल्यांनी भरलेला एक आडवा पांढरा पट्टा दिसला. कप्तानाने भेट दिलेल्या चार्ल्स लायेल यांच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी' या ग्रंथाचा पहिला खंड त्याने बरोबर आणला होता. हा ग्रंथ अवश्य वाच, पण त्यातील मते स्वीकारू नकोस, असे हेन्स्लो यांनी निघताना बजावले होते. विद्यार्थ्याने ग्रंथ वाचला, कडा पाहिला, आणि गुरूने नाकारलेले मत त्याला पटले : जमीन सावकाश खचते, सावकाश उचलली जाते. पुस्तक आणि वस्तू समोरासमोर ठेवून स्वतः निर्णय घेणे, याला आपण शिक्षण म्हणतो. आपण भेट देत असलेल्या देशांच्या भूविज्ञानावर एखादे पुस्तक लिहिता येईल, हा विचार त्याच बेटावर पहिल्यांदा मनात आला, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे.

आणि गुरूचे काय? डार्विन नमुन्यांच्या पेट्या केंब्रिजला पाठवी आणि हेन्स्लो त्या उघडून पाहत. १८३३च्या जानेवारीत त्यांनी लिहिलेले उत्तर प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. आधी कौतुक. मग एकेक सूचना : वनस्पतीचे तुकडे पाठवू नकोस, मूळ, पान, फूल यांसह नमुना शक्य तितका पूर्ण असू दे, बांधणी अशी कर. आणि शेवटी थट्टेचा सूर : हा २३३ क्रमांकाचा नमुना आहे तरी काय? विजेचा स्फोट होऊन उरलेल्या काजळीसारखा दिसतो! विद्यार्थ्याला न दुखावता त्याची चूक कशी दाखवावी, याचा हा वस्तुपाठ आहे. मात्र हे पत्र डार्विनच्या हाती पडले ते १८३४च्या जुलैमध्ये, चिलीतील वालपाराइसो येथे. दीड वर्ष! ज्या सूचना सर्वांत हव्या होत्या त्या इतक्या उशिरा मिळाल्या, याची हळहळ त्याने २४ जुलैच्या उत्तरात व्यक्त केली आहे. दरम्यान तो स्वतःच स्वतःचा परीक्षक झाला होता. प्रवासाअखेर त्याच्याकडे १,५२९ नमुने स्पिरिटमध्ये, ३,९०७ सुके नमुने, भूविज्ञानाची १,३८३ पाने, प्राणिशास्त्राची ३६८ पाने आणि ७७० पानांची दैनंदिनी होती.

'जर्नल ऑफ रिसर्चेस'मध्ये २३३ क्रमांक नाही. दीड वर्षाची वाट पाहणे नाही. नमुने आहेत, पण ते कसे बिघडले आणि मग कसे नीट ठेवता आले, हे नाही.

एका टेबलावरचे दोघे

जहाजावरील जीवनात जागेइतकीच अवघड गोष्ट म्हणजे माणसे. भांडण झाले तर उठून जायला जागा नसते. फिट्झरॉय निघताना सव्वीस वर्षांचा होता. कर्तबगार, उदार आणि तितकाच तापट. १८३२ साली बाहिया येथे गुलामगिरीवरून दोघांत वाद झाला. एका मालकाने आपल्या गुलामांना 'तुम्हांला स्वातंत्र्य हवे का?' असे विचारले आणि सर्वांनी 'नको' म्हटले, असे कप्तानाने सांगितले. मालकासमोर दिलेल्या अशा उत्तराला काय किंमत, असे डार्विनने विचारले. कप्तान संतापला आणि यापुढे आपल्याला एकत्र राहता येणार नाही, असे त्याने सुनावले. आता प्रवास संपला, असे डार्विनला वाटले. इतर अधिकाऱ्यांनी त्याला आपल्यात जेवायला बोलावले. काही तासांत कप्तानाने माफीचा निरोप धाडला आणि पुन्हा दोघे एका टेबलावर बसले.

हा प्रसंग आत्मचरित्रात आहे, प्रवासाच्या पुस्तकात नाही. फिट्झरॉय हयात असताना, त्याच्याच ग्रंथमालेचा तिसरा खंड म्हणून निघालेल्या पुस्तकात तो येणे शक्यही नव्हते. हे आम्ही समजू शकतो. पण डार्विनने विचारलेला प्रश्न हा पुराव्याविषयीचा प्रश्न होता : साक्ष कोणत्या परिस्थितीत दिली गेली? शास्त्रज्ञाची सवय जेवणाच्या टेबलावरही सुटली नव्हती. दुसरीकडे, १८४५च्या आवृत्तीत गुलामगिरीविरुद्ध अत्यंत कळकळीने लिहिलेला मजकूर आहे, हेही नमूद केले पाहिजे.

सोबत्यांबाबत मात्र पुस्तकाला दोष द्यावाच लागेल. १८३७च्या नोव्हेंबरात प्रस्तावनेचा मसुदा पाहून फिट्झरॉयने डार्विनला कडक पत्र लिहिले. ज्या अधिकाऱ्यांनी आपली जागा आणि आपले नमुने मोकळ्या मनाने दिले त्यांचा उल्लेख नाही, याचे त्याला आश्चर्य वाटले होते. छापील पुस्तकात मग आभार आले. सिम्स कॉव्हिंग्टन हा तरुण १८३३पासून डार्विनचा मदतनीस होता. पक्षी मारणे, कातडी काढणे, नमुने बांधणे ही कामे तो करी. पुस्तकभर त्याची सावली आहे, पण माणूस क्वचितच दिसतो. शिवाय या शिक्षणाचा खर्च वडिलांच्या थैलीतून होत होता. मदतनीस, पुस्तके, बंदुका, किनाऱ्यावरील घोडे आणि वाटाडे हे सर्व ज्याला परवडत होते तो हा विद्यार्थी होता. बुद्धीला कमीपणा आणण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. आपल्या विद्यार्थ्यांना 'डार्विनसारखे व्हा' असे सांगताना त्याला काय मिळाले होते, तेही सांगावे, एवढेच म्हणणे आहे.

गॅलापागोस : केव्हा काय कळले?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. शाळेत सांगितली जाणारी गोष्ट अशी असते : डार्विन गॅलापागोस बेटांवर गेला, त्याने फिंच पक्ष्यांच्या चोची पाहिल्या आणि त्याला उत्क्रांती सुचली. जहाज त्या बेटांमध्ये १५ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर १८३५ या काळात होते. तिथे जमवलेले फिंच कोणत्या बेटावरचे, हे डार्विनने नीट लिहून ठेवले नव्हते. त्यांतील काही पक्षी त्याला वेगळ्याच गटांतले वाटले. मॉकिंगबर्ड पक्ष्यांवर मात्र त्याने बेटाची नावे लिहिली होती. कासवांच्या कवचावरून ते कोणत्या बेटाचे ते ओळखता येते, असे तिथल्या उपराज्यपालाने सांगितले तेव्हाही त्याने त्या बोलण्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. जहाजावर घेतलेली मोठी कासवे खाऊन झाली आणि कवचे फेकली गेली.

१८३६ साली, परतीच्या वाटेवर टिपणे पुन्हा लिहिताना, मॉकिंगबर्डवरून त्याला शंका आली की असे पुरावे जाती कायम असतात या समजुतीला धक्का देतील. आणि १८३७च्या जानेवारीत लंडनमध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी सांगितले की हे निरनिराळे दिसणारे पक्षी फिंचच्या एकाच गटातील वेगवेगळ्या जाती आहेत. मग कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा हे ठरवायला डार्विनला फिट्झरॉय, कॉव्हिंग्टन आणि इतरांच्या संग्रहांकडे जावे लागले, कारण त्यांनी लेबले लावली होती.

पुस्तकात काय दिसते? १८४५च्या आवृत्तीत चार चोचींचे ते प्रसिद्ध चित्र आले. एकाच मूळ जातीपासून हे पक्षी निरनिराळ्या कामांसाठी बदलत गेले असावेत, अशी कल्पना मनात येते, अशा आशयाचे वाक्यही आले. हे सर्व १८३५च्या भेटीच्या प्रकरणात आले. वाचणाऱ्याला वाटते की बेटावर उभे असतानाच हे सुचले. लंडनमध्ये कळलेली गोष्ट पॅसिफिकच्या किनाऱ्यावर नेऊन ठेवली गेली. त्याच प्रकरणात दोन बेटांचे संग्रह आपल्या हातून काही अंशी मिसळले गेले, अशी प्रांजळ कबुली आहे. शेजारशेजारच्या बेटांवर वेगळे जीव असतील असे स्वप्नातही वाटले नव्हते, हेही तो सांगतो. लेखकाने कबुली दिली; आपण, वाचकांनी आणि पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी, चित्र उचलले आणि कबुली सोडून दिली. दोषाचा मोठा वाटा आपल्याकडे येतो.

यात काय बिघडते, असे कोणी विचारील. आमच्या मते बरेच बिघडते. चोच पाहिली आणि सिद्धांत सुचला, असे ऐकणारा विद्यार्थी समजतो की विज्ञान म्हणजे प्रतिभावंताला होणारा साक्षात्कार. तो स्वतः शेतात, ओढ्याकाठी, प्रयोगशाळेत जातो, त्याला काहीच सुचत नाही, आणि हे आपले काम नव्हे असे ठरवून तो मोकळा होतो. लेबल विसरले, गुरूचे उत्तर आले नाही, पोटात मळमळत राहिले, साक्षात्काराला दोन वर्षे उशीर झाला आणि तोही दुसऱ्या तज्ज्ञाच्या मदतीने, हे त्याला कळले तर तो टिकून राहण्याची शक्यता वाढते. आज संशोधन जहाजावर पाण्याचा वा चिखलाचा कोणताही नमुना तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश आणि खोली लिहिल्याशिवाय ग्राह्य धरत नाहीत. पहिल्यांदा समुद्रावर येणाऱ्या तरुण संशोधकांना हा नियम जाचक वाटतो. फिंचची खरी गोष्ट सांगितली की नियमाचे कारण समजते.

पुस्तकाचे गुण आणि वर्गातील उपयोग

हे सर्व लिहूनही आम्ही या पुस्तकाचे चाहते आहोत. २० फेब्रुवारी १८३५ रोजी चिलीत झालेल्या भूकंपाचे प्रकरण वाचावे. डार्विन त्या वेळी वाल्दिव्हियाजवळच्या रानात होता. नंतर कॉन्सेप्सिओन शहराचे अवशेष त्याने पाहिले, किनारा काही फूट वर उचलला गेल्याचे पुरावे पाहिले, आणि उंच डोंगरांवर सापडणाऱ्या शिंपल्यांशी त्यांचा संबंध लावला. पाहिलेले, मोजलेले आणि अनुमान केलेले, या तिन्ही गोष्टी वाचकाला वेगळ्या ओळखता येतात. असे लेखन दुर्मिळ आहे. स्थळांचा क्रम लावताना त्याने काळाचा क्रम अनेकदा मोडला आहे, कारण एका प्रदेशाला दिलेल्या भेटी एकत्र केल्याने विषय सुटसुटीत होतो. आणि हे तो सांगूनही टाकतो. वाचकाची ही सोय आम्हांला मान्य आहे. पण या सोयीने शिकण्याचा क्रम पुसला जातो, हेही तितकेच खरे.

म्हणून आमची सूचना अशी की, वरच्या वर्गांना उत्क्रांती शिकवताना शिक्षकांनी या पुस्तकातील एक उतारा आणि त्याच तारखांची दैनंदिनी शेजारी ठेवावी. दैनंदिनी आणि पत्रे आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे : काय गाळले आहे? का गाळले असेल? गाळल्याने गोष्ट बदलली का? दुसरा एक स्वस्त प्रयोग. मुलांना शाळेच्या आवारातून प्रत्येकी दहा पाने जमवायला सांगावीत. अर्ध्यांनी जागा लिहून ठेवायची, अर्ध्यांनी नाही. आठवड्याने सर्व पाने एकत्र करून कोणते पान कोणत्या झाडाचे आणि आवाराच्या कोणत्या कोपऱ्यातले, ते ओळखायला लावावे. फिंच पक्ष्यांचा घोटाळा कसा झाला असेल, हे समजायला यापेक्षा जास्त साहित्य लागत नाही.

२ ऑक्टोबर १८३६ रोजी 'बीगल' फाल्मथ बंदरात परतले. त्याआधीच हेन्स्लो यांनी डार्विनच्या पत्रांतील भूविज्ञानविषयक उतारे, त्याच्या नकळत, १८३५ साली केंब्रिजमध्ये छापून वाटले होते आणि त्याचे नाव तिथल्या शास्त्रज्ञांना परिचित झाले होते. एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्याची अर्धीकच्ची पत्रे जगापुढे ठेवण्याचे धाडस केले, कारण त्या कच्चेपणात काय दडले आहे ते त्याला दिसत होते. चार वर्षांनी निघालेल्या पुस्तकात तो कच्चेपणा राहिला नाही. वर्गात तो परत आणण्याचे काम आता शिक्षकांचे आहे.